शेवटचा बाक आणि आतून लावलेली कडी

ज्या बहिणीबद्दल हे लिहिते आहे, तिने ते स्वतः वाचून होकार दिला आहे. ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत, घडलं ते मात्र तसंच ठेवलं आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत भेटीगाठी घेणं, आजाऱ्यांपाशी बसणं, कुणाचं मन जड झालं असेल तर ऐकून घेणं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. 'प्रार्थनेला वेळच मिळत नाही' हे वाक्य इतक्यांदा कानावर आलं आहे की त्यावर माझं एक उत्तर तयारच असायचं. या बहिणीला ते उत्तर दिल्यावर काय झालं आणि पुढे आम्हाला काय करावं लागलं, ते इथे मांडते.

ती परिचारिका आहे, चाळिशीतली. नोकरी पाळीची: एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, मग रात्र. घरी नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि थकलेल्या सासूबाई. दोन खोल्यांत पाच माणसं. याशिवाय रविवारच्या शाळेची जबाबदारी अकरा वर्षं तिच्याकडे, गीतपथकात ती आहे, महिला मंडळाची चिटणीस आहे आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना बहुधा तिलाच सांगितली जाते. तिच्या प्रार्थनेने माणसांना खरोखर धीर येतो. मलाही आलेला आहे.

एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "मावशी, मी लोकांशी खोटं बोलते."

मग तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. मंडळीच्या प्रार्थना-विनंत्यांचा ग्रुप होता. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचं मोडायला आलेलं घर. जवळजवळ प्रत्येक विनंतीखाली तिचे जोडलेले हात आणि 'प्रार्थना करत आहे' हे शब्द. "यातल्या एकासाठीही मी केली नाही," ती म्हणाली. "करणार होते. राहून गेली. बुधवारी सगळ्यांपुढे उभी राहिले की शब्द येतात. एकटी बसले की एक वाक्य येत नाही. आणि हे आजचं नाही, कितीतरी महिन्यांचं आहे."

माझं तयार उत्तर

मी तिला जे सांगितलं ते आज आठवलं की वाईट वाटतं. पहाटे एक तास लवकर ऊठ, म्हटलं. पहिली पंधरा मिनिटं स्तुती, मग शास्त्रवाचन, मग पापांगीकार, मग इतरांसाठी विनंत्या, असा तक्ताही वहीच्या पानावर आखून दिला. आधार म्हणून बायबलमधलं मार्क १:३५ दाखवलं: प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला. वर सुझॅना वेस्लीची आठवण सांगितली. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची ही आई. एकोणीस मुलं झालेली. गजबजलेल्या घरात ती डोक्यावरून एप्रन ओढून घेई आणि मग आई प्रार्थनेत आहे हे मुलांना कळे, अशी तिची आठवण सांगितली जाते.

तक्ता नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी रात्रपाळी सुरू झाली आणि तिची पहाट रुग्णालयात सलाईन बदलण्यात गेली. घरी येऊन डोळे मिटायची वेळ, ती माझ्या तक्त्याप्रमाणे स्तुतीची वेळ. त्यानंतर ती मला टाळू लागली. उपासना संपली की बाजूच्या दाराने निघून जायची. मी गाठलं तेव्हा एवढंच म्हणाली, "त्या बाईंना एकोणीस होती, मला दोनच आहेत. माझ्याकडे सबब कुठली?"

ज्या गोष्टीने तिला धीर मिळावा असं मला वाटत होतं, ती तिच्या पाठीवर आणखी एक ओझं झाली होती. थोरांची उदाहरणं आपण फार सहज देतो. ऐकणारं माणूस आधीच अपराधी मनाने बसलेलं असेल तर त्याला त्यातून फक्त आपलं उणेपण ऐकू येतं.

दुसरी चूक याहून मोठी होती. मार्कच्या त्या वचनातलं घड्याळ तेवढं मी तिला दाखवलं होतं. पुढे-मागे काय आहे हे मीच नीट वाचलं नव्हतं.

पुन्हा बसून वाचलं. आदल्या दिवशी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस होता. कफर्णहूमच्या सभास्थानात शिक्षण दिलं, तिथेच भूतग्रस्ताला मोकळं केलं, मग आपला शिष्य शिमोन याच्या घरी त्याच्या सासूचा ताप उतरवला आणि सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी येऊन उभं राहिलं. शुभवर्तमानातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसांपैकी हा एक. त्यानंतरची ती पहाट. पण खरी गोष्ट पुढच्या तीन वचनांत आहे. शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात. मूळ ग्रीक क्रियापद नुसत्या शोधण्याचं नाही, माग काढत पाठलाग करण्याचं आहे. सगळे तुला शोधताहेत, असं ते सांगतात. आणि प्रभू परत जात नाही. आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ या, म्हणतो. कफर्णहूममध्ये त्या सकाळी दाराशी आलेली माणसं त्याला न भेटता राहिली असणार. त्यांची गरज खोटी नव्हती. तरी तो गेला.

हे वाचल्यावर तिच्यापुढचा प्रश्न मला वेगळा दिसू लागला. ती केव्हा उठते याला फारसा अर्थ नव्हता. तिचा माग काढत येणाऱ्यांना कुणी 'नाही' म्हणणार होतं की नाही, हे पाहायचं होतं.

सात दिवसांची नोंद

मी तिची माफी मागितली आणि तक्ता फाडून टाकला. मग एवढंच सांगितलं की सात दिवस काहीही बदलू नकोस, फक्त अर्ध्या-अर्ध्या तासाला काय चाललं आहे ते लिहून ठेव.

तिने प्रामाणिकपणे लिहिलं. सातपैकी चार संध्याकाळी मंडळीच्या कामात गेल्या होत्या. रविवारी सकाळी ती सर्वांत आधी जाऊन कुलूप उघडायची आणि सर्वांत शेवटी लावायची. उपासना चालू असताना ती मुलांच्या वर्गात असे, म्हणजे कित्येक रविवार तिने उपदेशच ऐकला नव्हता. आपण आपल्याच उपासनेत नसतो, हे अकरा वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याही आलं नव्हतं, आणि याचा दोष मी तिच्याआधी आम्हा सगळ्यांवर ठेवीन.

नोंदीत आणखी एक गोष्ट होती. ती तिने स्वतःच खुणेने दाखवली. मुलं झोपल्यावर, बसमध्ये, दुपारी घर रिकामं असताना अशा मोकळ्या पंधरा-वीस मिनिटांच्या फटी दिवसात होत्या. प्रत्येक फटीत मोबाईल होता. "शांत झालं की हात आपोआप तिकडे जातो," ती म्हणाली. का जातो, ते तेव्हा तिला सांगता आलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

पाळीची नोकरी असलेल्या माणसाने प्रार्थना घड्याळाला बांधू नये, असं मी आता सगळ्यांनाच सांगते. ती एखाद्या रोजच्या घटनेला बांधावी. तिच्या दिवसात न बदलणारी एकच घटना होती: ड्युटी संपवून घरी परतणं. ती कुठल्याही पाळीत होतेच. रुग्णालय आणि घर यांच्यामध्ये कुठेतरी पंधरा मिनिटं ठेवायची, एवढं ठरलं. पण कुठे?

मत्तय ६:६ मध्ये प्रभू आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. तिथे मूळ शब्द घरातल्या आतल्या कोठीसाठीचा आहे, जिथे धान्य-सामान ठेवतात ती. साध्या घरात दार लागेल अशी बहुधा तेवढीच जागा असे. दोन खोल्यांत पाच माणसांच्या घरात तीही नव्हती. आम्ही बराच वेळ जागा शोधत बसलो आणि मग तीच थबकली. पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून तिने टेबलावर ठेवला. चर्चची किल्ली अकरा वर्षं तिच्याकडे होती. इतरांसाठी ती दार उघडत आली होती, पण एकटी आत जाऊन कधी बसली नव्हती.

"ताई, बरं झालं भेटलात"

ती शेवटच्या बाकावर बसू लागली. पुढे नाही, कारण पुढे तिला फुलदाणी, फळा, गीतपुस्तकं यांतलं काम दिसायचं. तक्ता नाही, यादी नाही. एक स्तोत्र सावकाश वाचायचं आणि बसायचं, इतकंच.

पहिले दहा-बारा दिवस ती झोपली. बाकाच्या पाठीला डोकं टेकून, अगदी गाढ. लाजत लाजत येऊन सांगितलं. मी तिला १ राजे १९ उघडून दिलं. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडतो, मरण मागतो, आणि देव त्याला काय देतो? झोप. मग भाकर आणि पाणी. मग पुन्हा झोप. पुन्हा भाकर. होरेब डोंगरावरचा वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो मंद स्वर हे सगळं पुढचं आहे. थकलेल्या संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिलं, तर रात्रपाळीहून आलेल्या परिचारिकेला त्याच्या घरात डुलकी लागली म्हणून तो रागावेल असं मला वाटत नाही.

तिसऱ्या आठवड्यात शिमोन आला. म्हणजे आमच्यातलेच एक वडील, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावले. "ताई, बरं झालं भेटलात, नाताळच्या कार्यक्रमाचं जरा..." दोन दिवसांनी गीतपथकातली एक मुलगी. मग महिला मंडळाच्या अध्यक्षा. आठवडाभरात तिचा तो बाक मंडळीचं कार्यालय झाला. ती कुणालाच 'आत्ता नाही' म्हणू शकली नाही, कारण येणारा प्रत्येक जण प्रभूच्याच कामासाठी येत होता. बाहेरच्या कामाला नकार देणं सोपं असतं. चांगल्या कामाला, तेही चर्चमध्ये बसून, नकार देणं फार अवघड.

मी पाळकसाहेबांना भेटले. तिला विचारूनच. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि पुढच्या बैठकीत वडीलमंडळींना सरळ सांगितलं की ताई आत असताना कुणीही आत जायचं नाही, काम कितीही तातडीचं असो. तिला मात्र ते एवढंच म्हणाले, "कडी आतून लावत जा." तिला कानकोंडं झालं. देवाच्या घराला आतून कडी लावायची? पण प्रभूने दार लावून घ्यायला सांगितलं आहे ते काही शोभेसाठी नाही.

कडी लागल्यानंतर

इथून पुढचं मी जपून लिहिते.

कडी लागली, झोपेची थकबाकी फिटली, आणि मग एके दिवशी तिचा मला फोन आला तो रडतच. आठ महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले होते. ते गेले तेव्हा ती ड्युटीवर होती, दुसऱ्याच कुणाच्या वडिलांच्या उशाशी. पोहोचेपर्यंत उशीर झाला. अंत्यविधीनंतरच्या रविवारी रविवारच्या शाळेचा वार्षिक कार्यक्रम होता, आणि तो तिने पार पाडला. आम्ही तिचं कौतुक केलं. किती खंबीर बाई, असं मीसुद्धा म्हणाले होते. त्या दिवसापासून ती थांबलीच नव्हती.

मोबाईलकडे हात का जायचा, ते तिला आता कळलं. शांततेत वडील होते. आणि देवावरचा राग होता, ज्याचं नाव घ्यायलाही ती धजत नव्हती. वेळ नाही हे खरंच होतं, पण त्यामागे दुसरंही काही होतं. वेळ मिळाला तर काय समोर येईल, याची भीती तिलाच कामाला जुंपत होती. प्रार्थनेला वेळ नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत असंच असतं असं मी म्हणणार नाही. काहींच्या आयुष्यात खरोखरच श्वास घ्यायला जागा नसते. पण आता मी हळूच विचारते: बसलात तर काय वर येईल असं वाटतं?

मी तिला स्तोत्र १३ दिलं. सहाच वचनं, आणि त्यांतल्या पहिल्या दोनांतच 'कुठवर' हा प्रश्न चारदा येतो. विश्वास ठेवणारा माणूस देवाला असं विचारू शकतो हे तिला ठाऊक होतं, मुलांना तिने शिकवलंही होतं, स्वतःसाठी मात्र कधी वापरलं नव्हतं. काही दिवसांनी तिनेच स्तोत्र ८८ शोधून काढलं. ते अंधारातच संपतं. बहुतेक विलापगीतं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. "मावशी, हेही देवाने आपल्या पुस्तकात ठेवलं," ती म्हणाली. सहा आठवडे ती याच दोन स्तोत्रांवर होती. पुढचं वाच, असं मी एकदाही म्हटलं नाही.

या काळात तिची झोप, जेवण, कामावरचं लक्ष यांची मी चौकशी करत होते, आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे जायचं हे आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं. ती दोनदा जाऊनही आली. शोकाला प्रार्थनेची सोबत लागते तशी कधी जाणत्या माणसाचीही लागते. दोन्हींत भांडण नाही.

कुणीतरी काहीतरी सोडायलाच हवं होतं

पंधरा मिनिटं वाचवायची तर दिवसातलं काहीतरी कमी व्हायला हवं, हे उघड होतं. तिने आधी गीतपथक सोडलं. आवडीचं होतं, तरी सोपं गेलं. रविवारची शाळा सोडताना मात्र ती आणि मी, दोघीही अडखळलो.

मंडळीच्या एका वडिलांनी तोंडावर सांगितलं, "नांगराला हात घातल्यावर मागे पाहू नये." हे वचन अशा जागी वापरलेलं ऐकलं की मला त्रास होतो. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये प्रेषितांनीच, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनीच, एक काम खाली ठेवलं आहे. विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली. काम महत्त्वाचं होतं, क्षुल्लक मानलं असतं तर त्यासाठी आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसं निवडली नसती. तरी प्रेषितांनी ते स्वतःकडे ठेवलं नाही, प्रार्थना आणि वचनाची सेवा यांसाठी. आणि त्यानंतर देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, असं त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो.

दोन तरुणांनी शाळा घेतली. पहिल्या महिन्यात हजेरीपट हरवला, एका रविवारी दोन वर्गांना एकच धडा शिकवला गेला. हे सगळं तिला दिसत होतं आणि ती उपासनेत बसून होती. तो तिचा खरा उपास होता. मला म्हणाली, "माझ्यावाचून नीट चालू नये असं मला आतून वाटतंय. हे किती वाईट आहे!" मला ते वाईट वाटलं नाही. प्रार्थनेत बसणाऱ्याच्याच हे लक्षात येतं.

घरी सासूबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, आम्ही कामं करता करताच प्रार्थना करायचो, वेगळं बसायला कुणाला सवड होती? त्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. निरंतर प्रार्थना करा, असं प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो, आणि सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका मठाच्या स्वयंपाकघरात राबणारा ब्रदर लॉरेन्स तर याच गोष्टीसाठी ओळखला जातो. पण त्या मठात ठरलेल्या वेळी प्रार्थनेला बसणंही होतं, त्याच्यासाठीही. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यापासून मात्र सून उशिरा येते म्हणून त्यांनी कुणाला फोन करायला लावला नाही. नवऱ्याने मुलांचा अभ्यास आणि संध्याकाळचं पाणी भरणं स्वतःकडे घेतलं. त्याला आधी वाटत होतं की पंधरा मिनिटांसाठी एवढं कशाला. तिनेच त्याला एकदा सोबत नेऊन बाकावर बसवलं. तिथे काय झालं ते त्या दोघांचं आहे.

विनंत्यांच्या ग्रुपचंही तिने ठरवलं. विनंती वाचली की तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, त्या माणसाचं नाव घेऊन एक वाक्य देवापुढे ठेवायचं. ते म्हणून झाल्यावरच उत्तर लिहायचं. जमलं नाही तर काहीच लिहायचं नाही. तिची उत्तरं निम्म्याहून कमी झाली. एका बाईने विचारलं, तू आता आमच्यासाठी प्रार्थना करत नाहीस का? तिने खरं ते सांगितलं.

आता सहा महिने होत आले. आठवड्यातले चार दिवस होतं, कधी तीन. मुलगा तापाने आजारी होता तेव्हा दोन आठवडे काहीच झालं नाही, आणि त्यानंतर ती कुठलाही तक्ता न भरता पुन्हा येऊन बसली. महिला मंडळाचं चिटणीसपद अजून तिच्याकडेच आहे. ते सोडावं असं मला वाटतं, तिला वाटत नाही. बुधवारी ती पूर्वीपेक्षा कमी बोलते. मध्यस्थीच्या प्रार्थनेत मध्येच थांबते, आणि सुरुवातीला लोक डोळे उघडून बघायचे तसे आता बघत नाहीत.

मागच्या महिन्यात शाळेच्या दोघा तरुणांनी तिच्याकडे जुडगा मागितला. तिने त्यातल्या कपाटाच्या, पेटीच्या आणि वर्गांच्या किल्ल्या एकेक करून काढून दिल्या. दाराची किल्ली त्यांनी दुसरी करून घेतली. तिची तिच्यापाशीच आहे.